रिंगणीची धुरी

राजेहो, अक्कलदाढ दुखायला लागली की माणसाची उरलीसुरली अक्कलही जाते. हे मी स्वतःवरून सांगतो!

लग्नाला सहा महिने झाले होते. मी गोंदियाचा, राईस मिलमध्ये कारकून. सासुरवाडी देवरीकडच्या जंगलातल्या खेड्यात. पाहुणा म्हणून गेलो, अन् दुसऱ्याच सकाळी दाढ अशी ठणकली की गालाची पपई!

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, रिंगणीच्या बियांची धुरी घ्या. निखाऱ्यावर टाका अन् तोंडात धूर धरा. आमचे म्हातारे असंच करत. पोटात गेली नाही पाहिजे जी, जहर आहे ते!"

"पण रिंगणी ओळखता का तुमी?" बायकोनं, म्हणजे रेखानं, विचारलं.

आता नव्या जावयानं नाही म्हणायचं?

"अपने को सब मालूम है!"

"काटेवाली असते," सासूबाई मागून ओरडल्या.

बांधावर गेलो. समोरच गोल फळ, वर काटेच काटे! अजून काय पाहिजे? बिया काढल्या, निखाऱ्यावर टाकल्या आणि चांगला अर्धा तास धूर ओढला. दाढ थांबली म्हणता? थांबली की! पण बाकीचं सगळं फिरायला लागलं.

तोंडाला कोरड. अंगणातल्या एका लिंबाचे दोन झाले. रेखा काही विचारायला आली, तर मी तिला म्हटलं म्हणे, "बसा काकू."

मग गोठ्याकडे गेलो. तिथं सासूबाई उभ्या, काळं लुगडं नेसून, शांतपणे काहीतरी चघळत. मला एकदम भरून आलं. वाकून पाय धरले.

"आई, दाढ बरी झाली!"

आई बोलेनात. काहीतरी सपकन तोंडावर बसलं.

"रागावल्या का आई?"

तेवढ्यात मागून ओरडा आला, "रेखा वो, धाव वो! जावईबापू म्हशीसंग काऊन बोलून राहिले?"

मागेही सासूबाई? मग ही कोण? मी आपले दोघींना हात जोडले.

सासऱ्यांनी जीपमध्ये घालून देवरीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. रेखानं चुलीपाशी पडलेलं फळ सोबत आणलं होतं.

"अहो, हा धोतरा! अजून थोडा धूर घेतला असता तर जीवच गेला असता!"

दुसऱ्या दिवशी मला माणसं माणसांसारखी दिसू लागली. उशाशी सासूबाई, रडून डोळे लाल.

"रिंगणीच्या झाडाले काटे असते जी, ते भुईले चिपकून रायते. फळ पिवळं, गुळगुळीत. तुमी फळाचे काटे कायले पाहिले?"

"चुकलं, मामी."

"मामीच म्हणा! सहा महिन्यांत एकडाव तुमच्या तोंडून 'आई' निघालं, ते बी म्हशीच्या वाट्याले गेलं!"