तिचे फोटो आणि सोसायटीची विहीर

बायकोचा आजार डॉक्टरच्या आधी मला दिसला होता.

तेलगावच्या रस्त्यावर माझा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची खोली, रंगवलेला पडदा आणि मागं फोटो धुवायची अंधारी कोठडी. कॅमेरा जुना, तोही घाटनांदूरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरशी तीन दिवस घासाघीस करून मिळवलेला. दसरा झाला की ऊसतोडीला निघणारी माणसं यायची. घरी राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक फोटो ठेवून जायची. कोण परतेल, कोण नाही, याचा तेव्हा भरवसा नसायचा.

त्या दसऱ्याला नवं भिंग तपासायला मी बायकोला पडद्यासमोर बसवलं. संक्रांतीला पुन्हा एकदा बसवलं. दुसरा फोटो ट्रेमधल्या औषधात उमटायला लागला, तेव्हा आधी गळ्याखालचे दोन खड्डे काळे झाले. मग गालांखालचे. चेहरा सगळ्यात शेवटी आला. दोन्ही फोटो मी शेजारी शेजारी टांगून बघितले. मग दोन्ही निगेटिव्हसकट फाडून टाकले. तिला काही बोललो नाही. पंधरा दिवसांनी तिनंच पोट धरलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. गाठ होती आणि ती पसरली होती. मी तिथंही सौद्याला बसलो. मुंबईला नेलं तर किती, ऑपरेशन केलं तर किती, निदान एक वर्ष तरी धरा.

"मी वाढवूनही सांगत नाही आणि घटवूनही नाही," डॉक्टर म्हणाले. "पावसाळ्यापर्यंत."

"आमच्याकडं दोन वर्षं पावसाळा आला न्हाई, साहेब," मी म्हणालो. ते हसले नाहीत.

परतीच्या एसटीत तिनं मला काही विचारलं नाही. मांडीवर झोपलेल्या पोरीकडं बघत म्हणाली, "तीन वर्षांची हाय ही. हिला माझं तोंड ध्यानात राहायचं न्हाई. सगळ्या गावाचे फोटो काढता, आता माझे काढा. पर आंथरुणातले नगं. कामातले काढा."

आमच्या लग्नात फोटो निघाला नव्हता. तेव्हा माझ्याकडं कॅमेरा नव्हता आणि दुसऱ्याला बोलवायची ऐपत नव्हती. त्यामुळं पोरीसाठी जे काही राहणार होतं, ते या चार महिन्यांतच काढायचं होतं.

पाटोद्याहून सासूबाई येऊन राहिल्या. मी कॅमेरा उचलला की त्या मधे यायच्या. "जावईबापू, आजारी माणसाचा फोटू काढू नये. दर फोटूला आयुष्य उणं होतं."

"मग ह्यांनी आजवर निम्मं तेलगाव मारलं असंल," बायको म्हणायची. "अजून जेलात कावून न्हाईत?"

ज्वारी निवडताना तिचा फोटो काढला. पोरीची वेणी घालताना काढला. टँकरच्या रांगेत पालथ्या घागरीवर बसून शेजारणीशी भांडताना काढला. त्या फोटोत शेजारणीचं तोंड उघडं आहे आणि हिचा हात हवेत. तिला तोच सगळ्यात आवडला. प्रत्येक रोलमध्ये ती थोडी लहान होत गेली. पदर जास्त यायला लागला, ती कमी. डोळ्याला कॅमेरा लावला की मला ते दिसायचं, म्हणून मी पटकन खटका दाबायचो.

अडचण पाण्याची होती. फोटो टिकवायला एक रसायन वापरतात, हायपो. काम झालं की ते भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन काढावं लागतं. त्या म्हाताऱ्या फोटोग्राफरनं मला बजावलं होतं, "हायपो राहिला तर फोटोला आतून कावीळ होती. आज न्हाई दिसत, दहा वर्षांनी दिसती." आणि गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा. घरटी चार घागरी. त्यात चार माणसं प्यायची, त्यातलं एक आजारी.

पाणी होतं ते सोसायटीच्या विहिरीला. सहकारी पाणीपुरवठा सोसायटी गावानं उभी केली, तेव्हा विहिरीला जागा माझ्या बापानं फुकट दिली. बाप गेल्यावर माझा थोरला चुलतभाऊ चेअरमन झाला आणि त्यानं यादीतून माझं नाव काढलं. का, तर मी शेती करत नाही, फोटो काढतो. जागा आमची, सभासद ते. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी मी भर सभेत उठून सांगितलं होतं की मेलो तरी या विहिरीचं पाणी तुझ्या हातून घेणार नाही. आजही मला वाटतं, बोललो त्यात चूक नव्हती.

मग मी एकाच बादलीत तिचे फोटो पुन्हा पुन्हा खालवर करायचो. एके दिवशी ती कोठडीच्या दारात आली.

"हे तर कालचंच पाणी हाय."

"चालतंय."

"गिऱ्हाइकाला असंच देता?"

"गिऱ्हाइकांचं काम थांबवलंय."

"मग मलाच कावून कालचं पाणी?" ती म्हणाली. जरा दम खाऊन म्हणाली, "जावा की चेअरमन भाऊंकडं. दोन घागरींनी नाक कापलं जातंय का तुमचं?"

सकाळी गेलो. चेअरमन विहिरीच्या काठावर बसला होता. बाजूला सहा-सात माणसं होती आणि बायकांची रांग.

"काय बे, वाट चुकलास?"

"दोन घागरी पाणी पायजे."

"कशाला?"

"फोटो धुवायला."

सगळे हसले. "जनावरं जीभ काढून पडलीत अन् ह्याला फोटो धुवायचेत," एक जण म्हणाला. चेअरमन मात्र हसला नाही. आवाज उतरवून त्यानं विचारलं, "सूनबाईला कसं हाय? लई वाईट ऐकतोय. तिच्यासाठी पायजे असंल तर चार घागरी ने, रोज ने. तसं सांग फक्त."

धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो होतो. समोरच्याला गरज दाखवायची नाही. गरज दिसली की सौदा हातातून गेला. त्या सगळ्या माणसांसमोर, चेअरमनच्या त्या चेहऱ्यासमोर माझ्या तोंडून आपोआप निघालं, "तिला बरं हाय."

"बरं हाय?"

"हिंडतीय, फिरतीय."

"मग फोटोला न्हाई मिळायचं," तो म्हणाला आणि रांगेकडं वळला.

घरी येऊन मी सांगितलं, विहीर आटली. ती खाटेवर बसली होती. दारातून दोन बायका भरल्या घागरी घेऊन गेल्या, पाणी रस्त्यावर सांडत. तिनं त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आटली असंल," म्हणाली आणि पोरीला वेणी घालायला जवळ ओढलं. मी कॅमेरा उचलला. तो तिचा शेवटचा फोटो.

मृगाच्या आधी ती गेली. पाच रोल निघाले होते. पाचही मी त्याच बादलीत धुतले.

बरीच वर्षं ते फोटो छान दिसायचे. मग कडेनं डाग आले. डाग उजळ भागात आधी चढतो. साडी गडद होती, ती राहिली. चेहरा पिवळा पडला, मग तपकिरी झाला. निगेटिव्हही तसेच गेले.

मागच्या दिवाळीला पोरगी सासरहून आली. तिची लेक आता तीन वर्षांची आहे. पोरीनं फोटोंचा डबा उघडला आणि तो शेवटचा वेणीचा फोटो मोठा करून मागितला. खिडकीशी नेऊन खूप वेळ बघितला.

"अण्णा, आईचं तोंड एवढं कावून गेलंय? माझी वेणी तर दिसतीय."

"त्या वर्षी कंपनीनं कागद खराब दिला," मी म्हणालो.

"सगळ्या फोटोंना?"

"सगळ्या."

"माणसाचं असं नुकसान करणाऱ्याला तुमी सोडलंत कसं? तुमी तर रुपयासाठी भांडता."

"न्हाई सोडलं," मी म्हणालो आणि फोटो तिच्या हातातून घेतला.