राहुकाळ संपल्यावर दाबलेलं बटण

चेन्नईत मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचे खटले लढते म्हटलं की पुण्यातल्या बहिणीला वाटतं, मी काचेच्या इमारतीत बसते. डोंबलाची काच. मैलापूरला देवळामागे, दुसऱ्या मजल्यावर माझं ऑफिस, आणि तिथे जिना चढून येणारी माणसं आधीच पुरती बुडालेली असतात. त्यांतल्या एका काकांचं प्रकरण आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

काका तंजावरकडच्या मराठी घरातले. जॉर्ज टाउनमध्ये त्यांचं दोरखंडांचं दुकान, वडिलांच्या वेळेपासून भाड्याच्या जागेत. वकील मराठी आहे एवढं कळल्यावर ते माझ्याकडे आले.

जागेच्या मालकाने सगळ्या इमारतीचे भाडेकरार ब्लॉकचेनवर नेले होते. म्हणजे अटी प्रोग्राममध्ये लिहायच्या आणि वेळ झाली की त्याने त्या आपोआप अमलात आणायच्या. मध्ये कोणी हात घालायचा नाही, मालकानेसुद्धा. करार वाढवायच्या दिवशी भाडेकरूने फोनवर संमतीचं बटण दाबायचं. नाही दाबलं, तर जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. काकांच्या फोनवर सूचना आली शुक्रवारी अकरा वाजता. मुदत बारापर्यंत.

शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्या बाजारात राहुकाळात कोणी साधा सौदा ठरवत नाही, करार तर सोडाच. काकांनी फोन पालथा ठेवला, बारा वाजून गेल्यावर देवाला हात जोडले आणि बटण दाबलं. तोवर जागा दुसऱ्याची झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराचं डिजिटल कुलूप उघडेना. माल आत, काका बाहेर.

"मुदत वाचली नव्हती का तुम्ही?" मी जरा चिडूनच विचारलं.

"वाचली की, अम्मा. पण थोडक्या उशिरासाठी कोण कोणाचें दुकान घेतो?"

प्रकरण लवादापुढे गेलं. लवाद म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश, शांत माणूस. मालकाचा वकील एकच पालुपद लावून बसला होता, "माझ्या अशिलाने काहीच केलेलं नाही, करार आपणहून चालला." हे मी इतक्यांदा ऐकलंय की कान किटले. करार काय आपणहून जन्माला आला होता? मी मालकालाच विचारलं, तुम्ही राहुकाळात सही कराल का? तो खाली बघत "नाही" म्हणाला.

निकाल आमच्या बाजूने लागला. बाजाराची रीत मालकाला ठाऊक होती, त्याने ती मुदत ठेवायलाच नको होती, जागा काकांना परत मिळावी. पण प्रोग्राम मागे फिरवणं मालकाच्या हातात नव्हतं, आणि हे तो खरंच बोलत होता. नव्या भाडेकरूने दोरखंड बाहेर काढून तिथे मोबाइलची कव्हरं मांडली होती. त्याने जागा सरळ मार्गाने घेतलेली, आमच्या वादात तो कुठेच नव्हता, म्हणून निकाल त्याला लागू नाही. त्याच्याविरुद्ध दिवाणी कोर्टात नवा दावा लावायला हवा होता.

हे सगळं मी काकांना समोर बसवून सांगितलं. माझा संताप संताप झाला होता. ते मात्र शांतपणे ऐकत होते.

"जिंकलों ना आम्ही?"

"जिंकलो, काका."

"सरी, बरं झालें. मग दुकान कोण उघडून देणार?"

मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं. नवा दावा, तारखा, अपील, आणि यात जाणारी वर्षं. खोटी आशा दाखवायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून वर्षंही लपवली नाहीत. शेवटी सहीसाठी वकीलपत्र पुढे सरकवलं.

"तोवर मी असेन कां, अम्मा?" बसची वेळ विचारावी तसं त्यांनी विचारलं.

भांडणं हा माझा धंदा आहे, म्हणून मी पेन उघडून त्यांच्यापुढे धरलं. काकांनी चष्मा खिशात ठेवला आणि सही न करताच उठले.