लेकीच्या वहीतले माझे ए प्लस

उल्हासनगरला होतो तोवर माझ्या मुलीला प्रत्येक प्रोजेक्टला ए प्लस मिळाला, आणि त्यातला एकूण एक ए प्लस माझा होता. हे आज हसत सांगते. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर त्याची खैर नव्हती! शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या सौरमाला आणणे’ असा मेसेज आला की मी थर्माकोल, फेविकॉल आणि कात्री घेऊन जमिनीवर बसकण मारायचे. शेजारच्या सिंधी भाभीचं लेसचं दुकान. उरलेले तुकडे ती मला आणून द्यायची, म्हणून आमच्या शनीच्या कड्याला सोनेरी जर असायची. भाभी विचारायची, “पढ़ाई तेरी चल रही है या बच्ची की?” मी हसण्यावारी न्यायचे. उत्तरंही मीच लिहून द्यायचे आणि मुलगी ती गिरवायची. ती शेजारी पाय पसरून बसलेली असायची, आणि मला वाटायचं, किती गुणाची आहे माझी पोर.

ती तिसरी पास झाली त्या उन्हाळ्यात आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला, त्यालाही ते सोयीचं होतं. धाकटा अजून शाळेच्या वयाचा नव्हता, म्हणजे शाळेचा प्रश्न मुलीचा एकटीचाच. कात्रपच्या बाजूला एक मोठी प्रायव्हेट शाळा होती, मुलांना चक्क निळे ब्लेझर! बदलापूरच्या उन्हात ब्लेझर, पण आम्ही ते बघूनच खलास. नवरा म्हणाला, “घातली तर हिला इथेच.” माझंही तेच म्हणणं होतं.

ॲडमिशनच्या आधी तिथल्या मॅडमनी एक पान वाचायला दिलं. मुलीने पानावर बोट ठेवलं आणि धडाधडा सुरू झाली. मॅडमनी भुवया वर केल्या. मी वाकून बघितलं तर पानावर कासव होतं आणि ही तिच्या जुन्या पुस्तकातला आंब्याचा धडा म्हणत होती, पूर्णविरामासकट. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “दुसरीत बसवावं लागेल.” दोन वर्षं मागे! रिक्षात बसल्या बसल्या माझा पारा चढला. “घरी बरं वाचतेस! तिथेच नाटकं सुचली?” तिने माझी ओढणी धरली आणि मी तिचा हात झटकला. तो झटकलेला हात मला अजून टोचतो.

त्यानंतर चारेक दिवसांनी भर दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीच्या बाई, डोक्यावर पदर, घामाने डबडबलेल्या, हातात रजिस्टर. मला वाटलं साबण विकायला आल्यात. पण त्या बदलापूर गावातल्या सरकारी शाळेच्या बाई निघाल्या. मुलं कमी झाली तर वर्ग बंद पडेल, म्हणून दारोदार फिरून नावं गोळा करत होत्या.

“आमची इंग्लिश मीडियमला आहे,” मी दारातूनच सांगितलं, जरा ऐटीतच.

“असू दे की. घोटभर पाणी द्याल का?”

पाण्याला कोण नाही म्हणणार? बाई आत येऊन बसल्या आणि मुलीला जवळ बोलावलं. “काय गं बाळा, काय काय आवडतं तुला?”

“तिला ड्रॉइंग आवडतं,” मी म्हटलं.

“कितवीत जाणार आता?”

“चौथीत,” मीच.

बाई माझ्याकडे वळल्या. “ताई, मी हिला विचारलं हो.” मग त्यांचं लक्ष कपाटावरच्या सौरमालेकडे गेलं. “बाई गं, केवढं सुंदर! कोणी केलं?”

“आईने,” मुलगी म्हणाली.

“मग ॲडमिशन आईलाच देते!” असं म्हणून बाई खो खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण गंमत अशी की मुलगीही हसली. त्या हसण्याहसण्यात बाईंनी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “यातलं तुला येईल ते वाच. नाही आलं तर सांग नाही येत. मी रागवत नाही.”

मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आणि अगदी हळू म्हणाली, “मला वाचायला येत नाही. मी पाठ करते.”

इंग्रजी नाही, मराठी नाही, कसलंच नाही. तीन वर्षं मी धडे वाचून दाखवत होते, ती ऐकून पाठ करत होती आणि पानावर बोट फिरवत होती. माझ्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पोरीला अक्षर येत नाही आणि मला पत्ता नाही! मी किचनमध्ये गेले आणि नळ सोडून तोंडावर पाणी मारलं. बाई मागून आल्या. म्हणाल्या, “पोर हुशार आहे. एवढं सगळं पाठ ठेवणं काय खायचं काम आहे? माझ्याकडे द्या. चौथीतच बसवते, वाचायला मी शिकवते. पण एक अट आहे. तुम्ही तिच्या वहीला हात लावायचा नाही.”

घरात तीन दिवस महाभारत झालं. नवरा म्हणे, लोक काय म्हणतील, फ्लॅट घेतला आणि पोर सरकारी शाळेत? लोकांचं भय मलाही होतंच, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, “एवढ्या वर्षांत हिला ‘येत नाही तर सांग’ असं म्हणणारं पहिलं माणूस भेटलंय. मी तिथेच घालणार.” पहिल्या दिवशी मात्र नवराच तिला स्कूटरवर सोडायला गेला आणि वर्गाच्या खिडकीशी बराच वेळ उभा राहिला, हे मला बाईंकडून कळलं.

ती अट पाळताना माझे जे हाल झाले ते माझं मला माहीत. तिने वहीत सूर्य काढला, तोही वाकडा, बटाट्यासारखा. माझे हात नुसते शिवशिवायचे. मी पोळ्या लाटत बसायचे, गरजेपेक्षा जास्त. नवरा म्हणायचा, “आज कोणी जेवायला येणारे का?” मुलगी बोट ठेवून एकेक अक्षर लावायची, अडायची, चिडायची, वही फेकायची. चिडणं तेवढं आईवर गेलंय. दिवाळी झाली तरी गाडी दोन अक्षरी शब्दांच्या पुढे फारशी सरकेना, आणि मी मनात शंभर वेळा म्हटलं की चुकलंच आपलं.

मग हिवाळ्यात एका संध्याकाळी आम्ही भाजी घेऊन येत होतो. बिल्डिंगच्या खाली बोर्डावर सोसायटीची नोटीस लागली होती. मी जिन्याकडे वळले, पण मुलगी बोर्डासमोरच थांबली. बोट वर करून सुरू झाली, “उ...द्या. उद्या. पा...णी...” तो शब्द लांबलचक होता, तिथे अडली. माझे ओठ आपोआप हलले.

“सांगू नको हं, आई!” माझ्याकडे न बघताच ती ओरडली.

मी ओठ मिटून घेतले. पिशवी बोटांत रुतत होती, पण हात बदलायची हिंमत होईना. तिने तो शब्द तीनदा तोडला, तीनदा जोडला आणि एका दमात म्हणाली, “उद्या पाणीपुरवठा बंद राहील.” मग गर्रकन माझ्याकडे वळली. “आई, उद्या पाणी नाहीये. आजच भरून ठेवायला लागेल.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तळमजल्यावरच्या काकू दार उघडून बाहेर आल्या आणि घाबरून म्हणाल्या, “अगं बाई, काय झालं? एका दिवसाच्या पाण्यासाठी कोणी एवढं रडतं का?”

मुलीनेच काकूंचा हात धरून त्यांना बोर्डापाशी नेलं आणि म्हणाली, “थांबा काकू, खाली अजून लिहिलंय. मी वाचून दाखवते.”