जित्या जनावराची नोकरी

मागच्या दाराशी गमबूट काढायचे, धुण्याच्या दगडावर घासायचे, तिथल्याच मोरीत अंघोळ करायची आणि मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं, हा नियम प्रियदर्शनीने केलेला नव्हता. तो तिच्या वडिलांचा, आबांचा होता. ती जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागली तेव्हापासूनचा. रोगराई घरात येऊ नये म्हणून असेल, असं समजून दवाखान्यातले डॉक्टर आबांचं कौतुक करायचे. खरं कारण प्रियदर्शनीला ठाऊक होतं.

आबा लहान असताना त्यांच्या बापाने गावातलं मेलेलं ढोर ओढायला नकार दिला होता. बौद्ध होऊन थोडी वर्षं झाली होती, गाव मात्र होतं तिथंच होतं. एक बैल वेशीजवळ फुगून पडला. गावाने यांना दुकानातून मीठ देणं बंद केलं, रानात पाय ठेवू देईना. आबांची आई सरुबाई पोरांना अळणी आंबील पाजत राहिली, पण बैलाच्या पायात दोर पडला तो गावाच्याच हातांनी. पुढे आबा साखर कारखान्यात लागले, कसबा बावड्यात दोन खोल्या बांधल्या, आणि गावाकडे वळून पाहिलं नाही.

म्हणून मुलीने पशुसंवर्धनाच्या पदविकेला नाव घातलं तेव्हा ते पंधरवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, "जित्या जनावराला सुई टोचायची नोकरी हाय म्हणून कर. मेल्याला हात लावायचा न्हाय. सरुबाईची नात हाईस तू."

तिने ते पाळलं. जनावर मेलं की ती जंतुनाशकाच्या बाटल्या घेऊन बाजूला उभी राहायची, हलवाहलव दुसरे करायचे. पाहायला आलेल्या दोन स्थळांनी नोकरी ऐकूनच पाय मागे घेतला. एका बाईने तर चहाचा कप नाकापाशी नेऊन हुंगला होता. आबांनी त्या कपात पुढे कधी चहा घेतला नाही, पण नोकरी सोड असंही म्हटलं नाही.

मग लम्पी आला. गाई-बैलांच्या अंगावर गाठी, ताप, पायाला सूज. माश्या-डासांतून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात. गाठ दिसली की लगेच कळवा, असं प्रियदर्शनी गल्लोगल्ली ओरडून सांगत होती. लोक मान हलवत, आणि कळवत नसत. कळवलं की संस्थेत दूध घेताना लोक नाक मुरडतात, शेजारी बोलणं टाकतात.

हंबीररावांच्या गोठ्यात ती लस टोचायला गेली तेव्हा त्यांची जर्सी गाय झूल पांघरून उभी होती. नक्षीची, आरशांची, बेंदराला बैलांवर घालतात ती. बेंदूर कधीच सरला होता.

"काकू, गाईला झूल?" तिने हंबीररावांच्या बायकोला, शालूबाईंना विचारलं.

"थंडी भरलीया तिला."

"एवढ्या उकाड्यात?"

शालूबाई मध्ये आल्या. "र्‍हाऊ दे की गं. सून बाळंतपणाला टेकलीया. घरात ह्ये एवढंच दुभतं हाय."

प्रियदर्शनीने झूल उचलली. खाली हळदीचा आणि कडुलिंबाचा लेप, आणि लेपाखाली मानेपासून शेपटापर्यंत गाठी. काही फुटलेल्या. आठवडाभर तरी लपवलेलं होतं. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. हंबीरराव दारात उभे राहून ऐकत होते. "झालं समाधान?" एवढंच म्हणाले.

गाय वाचली नाही. पावसाने गल्लीत चिखल. जेसीबीने रानाच्या कडेला खड्डा काढला, पण गोठ्यापर्यंत ना तो येईना ना ट्रॉली. ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी उभी होती, गाय तिथवर ओढत न्यायला हवी होती. डॉक्टर दुसऱ्या गावी, शिपाई तापाने पडलेला. शेजारी बनाबाईंचा गोठा. त्यात त्यांची एकुलती गाय, आणि मध्ये नुसता कुडाचा आडोसा. मेलेल्या गाईवरच्या माश्या उठून तिकडे जात होत्या.

"बौद्धवाड्यातनं चार गडी बोलवा की मॅडम," कृष्णात म्हणाला. तो समोरच्या घरातला. "तुमच्या शब्दाला येतील."

"का बरं? तुम्ही आहात ना एवढे."

"आमाला त्यातलं काय कळतंय?"

कुणीतरी फसकन हसलं.

"गाय तुमच्या गल्लीतली, दोरही तुमचाच," ती म्हणाली. "हातमोजे मी देते."

कुणी जागचं हललं नाही. हंबीरराव भिंतीकडे तोंड करून बसले होते. तेवढ्यात शालूबाईंनी पदर खोचला, गाईच्या मागच्या पायांना कासरा बांधला आणि ओढायला लागल्या. गाय तसूभर सरकली नाही. त्या घसरल्या, गुडघ्यावर पडल्या, उठल्या, परत ओढलं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "मला एकटीला हलंना गं."

कुडापलीकडे बनाबाईंची गाय शेपटीने माश्या वारत होती. प्रियदर्शनीने हातमोजे चढवले आणि कासरा धरला. दोघींनी मिळून ती गाय चिखलातून ट्रॉलीपर्यंत नेली. झूलही खड्ड्यात गेली. पुरुष भिंतीला पाठ लावून वाट देत गेले. कृष्णातने मोबाइल वर धरला होता.

ती घरी पोचली तेव्हा मोरीत कढत पाण्याची बादली भरून ठेवलेली होती. आबा उंबऱ्यात बसले होते. शेजाऱ्याने दाखवला होता त्यांना व्हिडिओ.

"कुणी सांगितलं वढायला?"

"कुणी नाही, आबा."

आबांनी बराच वेळ तिच्या बुटांकडे पाहिलं. "आमाला सांगावं लागायचं," ते म्हणाले. "मारून सांगावं लागायचं."

त्यांनी जेवण वाढून घेतलं, तिचं ताट झाकून ठेवलं, आणि झोपायला गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती चपातीचं पीठ मळत होती. हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. आबा शेगडीजवळ चहा करत होते.

"मॅडम, कृष्णात बोलतोय. आमची बी गेली रात्री."

"गाठी कधी आल्या होत्या?"

"झालं असतील आठ-धा दिवस."

"कळवलं का नाही?"

"आता कळवतोय की. या तेवढं. खड्डा काढून ठेवतो, ओढायचं तुमी बघा."

"मी पंचनाम्याला येते," ती म्हणाली. "दोराला हात तुमचा लागेल, कृष्णात."

तो हसला. वाईट नव्हतं हसू. खरंच गंमत वाटल्यासारखं होतं.

"मग परवा कुनाचा लागला हुता?"

चहा उतू गेला. आबांनी गॅस बंद केला, फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागले. एकच जागा ते पुसत राहिले. प्रियदर्शनी पिठाच्या हातांनी फोनकडे बघत उभी होती, आणि पलीकडून कृष्णात विचारत होता, "हॅलो? येतायसा न्हवं?"