दहा फेऱ्या, हात न लावता

जळबा भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. गोरेगावात जीप थांबतात तिथून चार टपऱ्या सोडून त्यांचं शॉकअपचं दुकान आहे. मोटारसायकलचं मागचं शॉकअप गळायला लागलं की लांबलांबची माणसं त्यांच्याकडे येतात. भावजी सीटवर दोन्ही हातांनी एकदाच दाब देतात, मान वाकडी करून ऐकतात आणि म्हणतात, "डाव्या अंगाचं सील गेलंय." खोललं की तेच निघतं. बोलणं मात्र मोजकं. भाजीत मीठ नसलं तरी मुकाट जेवून उठतील.

मी रोज पूजा आटोपली की वहीत चार ओळी लिहिते. गेल्या वर्षभराची वही चाळली तर देवाच्या खालोखाल भावजींच्या त्या गाडीचंच नाव दिसतं.

गाडी म्हणजे रिमोटवरची. हातभर लांब, काटेरी चाकांची, पळाली की कुत्र्याला मागे टाकणारी. हिंगोलीचे रविंद्र मेडिकलवाले मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन आले होते, तेव्हा ही मागे बांधलेल्या पिशवीत होती, मागून मोडलेली. "बघा काही होतंय का, नाहीतर ठेवा तुम्हालाच," म्हणाले. ते आणि त्यांचे मित्र हिंगोलीबाहेर प्लॉटिंगच्या मुरमावर अशा गाड्यांच्या शर्यती लावतात.

भावजींनी ती उघडली आणि मागच्या चाकांपाशी जे बसले ते बसलेच. चाकांना धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्या असतात, त्या मोडल्या होत्या. त्यांनी नव्या केल्या, बोटभर जास्त लांब. लांब पट्टीमुळे चाक जास्त खाली-वर होतं आणि ढेकळावरून जाताना गाडीची पाठ हलत नाही, असं त्यांनी मला समजावलं. मला ते पटलं. पण भाजी चिरायची माझी प्लास्टिकची पाटी कुठे गेली हेही त्याच वेळी कळलं. स्प्रिंगा जुन्या फवारणी पंपातल्या. राहिलं शॉकअपमधलं तेल.

"मोटारसायकलचं तेल पातळ पडतं, वहिनी. गाडी बेडकावाणी उड्या मारती. जरा जाड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी फडताळातली एरंडेलाची बाटली अर्धी झाली होती.

दुपारी बाजार सुस्त असतो. तेवढ्या वेळात भावजी दुकानामागच्या सोयाबीन काढलेल्या रानात गाडी पळवायचे. ऊन तापलेलं, माती तापलेली. गाडी ढेकळांवरून अशी जायची की जणू पाण्यावरून. संगिता, म्हणजे माझी जाऊ, डबा घेऊन गेली की म्हणायची, "मला कधी एवढं जपून धरलं न्हाई."

मार्गशीर्षात पुसेगावचे तातेराव तिसऱ्यांदा आले, ते दुकान बंद बघून थेट घरी.

"जळबा, माझं शॉकअप तुझ्या मेजावर उघडं पडून हाय अन् तू हे खेळ करून राहिला. बायकोला माहेरी काय पाठुंगळी नेऊ?"

"उद्या देतो, काका."

"तुझा उद्या म्हंजी अवसेचा चंद्र!"

आमच्या सासूबाई, गोजरबाई, ओसरीवर डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "उद्या न्हाई, आजच दे. अन् ती गाडी घाल चुलीत. गावात नाव घालवती ती."

भावजी खाली बघत म्हणाले, "माय, एक बारी शर्यतीत पळवू दे. मागचं मी केलंय ते बराबर हाय का न्हाई, एवढंच बघायचं."

"अन् न्हाई पळली तर?"

"तर परत हात लावणार न्हाई."

"असं नुसतं तोंडानं न्हाई. उचल बेलभंडारा."

मी देवघरातून खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान आणलं. भावजींनी तळहातावर घेतलं. दहा फेऱ्या पुऱ्या व्हायच्या, असं ठरलं. भावजी खरे माणूस. त्यांनीच सांगितलं, की गाडी उलटली तर ती सरळ करून ठेवायला तिथं माणसं उभी असतात.

"उचलून ठिवल्यावर कसलं पळणं?" सासूबाई म्हणाल्या. "गाडी सुटली की कोणाचाच हात लागायचा न्हाई. हात लागला की संपलं."

हा माणूस भंडाऱ्याची शपथ मोडणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तातेरावांची मोटारसायकल त्यांनी त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत जोडून दिली.

शर्यत पौषातल्या रविवारी निघाली. माझा आदित्य राणूबाईच्या व्रताचा रविवार, उपवासाचा. सासूबाई म्हणाल्या, "तू जा संगं. तू खोटं सांगायची न्हाईस." सूर्याची पूजा उरकून मी पहिल्या जीपमध्ये भावजींच्या शेजारी बसले. त्यांनी गाडी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. थंडी अशी की जीपवाल्याने कानाला मफलर बांधला होता.

मैदानात सहा गाड्या आल्या होत्या. मुरूम दाबून केलेली वाट, तीन वळणं आणि मधे एक उंचवटा. आधी सरावाला दोन फेऱ्या देतात. आमची गाडी पहिल्याच फेरीत उंचवट्यावरून उडाली, मागच्या चाकांवर आदळली, ताठच्या ताठ परत उसळली आणि पालथी. दुसऱ्या फेरीतही तेच. कोणीतरी म्हणालं, "मामा, ट्रॅक्टर आणलाय का?"

भावजींनी गाडी उचलून मागून दाबली. दबता दबेना, आणि दबली तर वर यायला वेळ लावू लागली. ते माझ्याकडे बघतच राहिले. चेहरा उतरलेला.

"एरंडेल थिजलं, वहिनी. मी काहून दुपारीच पळवत बसलो? सगळं उन्हाच्या हिशेबानं केलं."

सकाळी देवापुढे एरंडेलाची वात मी रोज लावते. थंडीत ते तेल गुळाच्या पाकासारखं होतं हे मला डोळे झाकूनही सांगता आलं असतं. पण गाडीत काय चाललंय ते मला कोण विचारणार, आणि मीही कधी बोलले नव्हते.

मैदानाच्या कडेला तांड्यावरच्या बेबीबाईंचं चहाचं पाल होतं. भावजी मागचे दोन्ही शॉकअप खोलून, पिशवीत बांधून तिकडे धावले.

"बाई, जरा गरम पाणी देता? हे बुडवायचंय."

बेबीबाईंनी पिशवी वर धरून बघितली. "काय हाय हे? चहात टाकून राहिले का?"

"गाडीचे शॉकअप."

"माझ्या चहानं माणसं उठतात, लोखंड न्हाई उठायचं, दादा." तरी त्यांनी वेगळ्या पातेल्यात पाणी ओतून दिलं. "बुडवा. उतू गेलं तर तुमीच पुसायचं."

शिट्टी व्हायच्या आधी जेमतेम शॉकअप जागेवर बसले. भावजींनी एकदा दाब दिला, कान लावला आणि मान हलवली.

पहिल्या पाच फेऱ्या मी डोळे भरून बघितल्या. उंचवट्यावरून गाडी उतरायची, मागचं अंग खाली बसायचं आणि गपकन सावरायचं. दोन गाड्यांच्या पुढे होती. मघाशी ट्रॅक्टर विचारणारा आता पुढे सरकून बघत होता. पण वारा गार होता. सहाव्या फेरीला मागचं परत ताठ झाल्यासारखं दिसलं. सातव्याला गाडी उंचवट्यावरून तिरकी उडाली आणि उलटी झाली.

उभा असलेला एक माणूस वाकला. भावजी जोरात ओरडले, "हात लावू नका!" त्यांचा एवढा मोठा आवाज मी घरातही ऐकला नव्हता. तो माणूस हात तसाच हवेत धरून थबकला. गाडी पाठीवर घसरत उतारावर आली, कडेच्या मुरमाच्या ढिगाला टेकली आणि कलंडून चाकांवर उभी राहिली. माझ्या तोंडून "येळकोट" निघून गेलं.

त्यानंतरच्या तीन फेऱ्या भावजींनी म्हातारीला वाट दाखवावी तशा काढल्या. उंचवटा आला की गाडी हळू चढवायची, हळू उतरवायची. बाकीच्या पाचही गाड्या पोचून थांबल्या होत्या, त्यांचे मालक चहा घेत उभे. आमची गाडी एकटीच पळत होती. दहावी फेरी पुरी झाली तेव्हा रविंद्र मेडिकलवाल्यांनी टाळी वाजवली.

"शेवटून पहिला," भावजी कपाळ पुसत म्हणाले आणि हसले.

मग त्या लोकांनी गाडी उलटी करून बघायला सुरुवात केली. पट्ट्या कशाच्या, एवढ्या लांब का, विचारू लागले. भावजी टॉवेल अंथरून खाली बसले आणि एकेक खोलून सांगायला लागले. चार माणसांत एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. दोन जीप गेल्या. मी घाई केली नाही.

घरी सासूबाई दारातच होत्या. भावजींकडे न बघता मला विचारलं, "पडली का?"

"पडली, आत्याबाई. सातव्या फेरीला. कोणाचा हात लागला न्हाई, आपली आपण उभी राहिली. दहा पुऱ्या केल्या, पण सगळ्यात शेवटी."

भावजी टॉवेलातली गाडी धरून उभेच.

"पहिलं यायचं कुठं ठरलं होतं?" त्या म्हणाल्या. "पाय धू अन् जेव. अन् गिऱ्हाईकाचं काम आधी."

आता भावजी गाडी दुपारी पळवत नाहीत. सकाळी सहाला, दुकान उघडायच्या आधी, गारठ्यात पळवतात. एरंडेलात मोटारसायकलचं तेल थेंबाथेंबाने मिसळून बघणं चालू आहे. मी सडा टाकून रांगोळीला बसले की गाडी पायरीवरून उडी घेते आणि ते तिकडून विचारतात, "वहिनी, मागचं कसं बसलं?"

आज मी म्हणाले, "बसलं चांगलं, उठायला उशीर केला. दोन थेंब पातळ करा."

त्यांनी खिशातून बाटली काढली.