डेल्फिना आत्याचा विस्तव

डेल्फिना आत्या तोंडाची फटकळ. आमच्या डोंगरात तिच्याशी वाद घालायची कोणाची छाती नव्हती, माझी तर नाहीच. तिचा भाचा कोर्रादो चेस्टनटची, म्हणजे आमच्या रानातल्या गोड कवचफळांची, बिअर करतो आणि मी त्याच्या भट्टीत कढया सांभाळतो. बाटलीवर नाव कोर्रादोचं, पण चव आत्याची, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

पानगळ सुरू झाली की घराघरातून चेस्टनट यायचे. दगडी खोपटात वर फळ्यांच्या माळ्यावर ते वाळायला पसरायचे, खाली आत्याचा विस्तव. चाळीस दिवस. ज्वाळ दिसता कामा नये, नुसती धुमस. जाळायचं तेही चेस्टनटचंच लाकूड. त्यात राळेचं पाइन गेलं की माल कडू झालाच म्हणून समजा. "लाकूड डोळ्यांनी ओळखतो तो गाढव," आत्या म्हणायची. "नाकाने ओळखावं."

त्या वर्षी पहिलं पोतं सोडलं आणि कोर्रादोने तोंड वाकडं केलं. मी हुंगलं. राळेचा नुसता भपका! वर्षभराची बिअर गेली.

"आत्याला कोण सांगणार?" तो म्हणाला.

"तू. आत्या तुझी."

"आणि लाडका तू, नेल्लो. जा बाबा."

गेलो. ती खोपटात राख सारत होती. मी दोन चेस्टनट तिच्या नाकाशी धरले. "वास कसा येतोय?"

"दरवर्षी येतो तसाच. डोकं खाऊ नकोस."

मी चेस्टनट तिच्या नाकाशी तसेच धरून ठेवले. मग तिनेच फावडं खाली ठेवलं. "वास येत नाही रे मला. फेब्रुवारीतल्या तापापासून. सूपसुद्धा गरम पाण्यासारखं लागतं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर इथे ठेवलं असतं का मला? घरी बसून काय भिंती मोजू?"

मला तिचा राग आला, खरंच आला. त्याहून जास्त स्वतःचा आला. एवढे महिने तिच्या हातचं खारट जेवत होतो आणि वर थट्टा करत होतो.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर चेस्टनट देणारी सगळी घरं भट्टीत जमली. कोर्रादोने सांभाळून घ्यायला बघितलं. "पावसात लाकडं इकडची तिकडे झाली, त्यात..."

"खोटं कशाला बोलतोस?" आत्या उठली. "अंधारात पाइन मीच घातलं. मला वास येत नाही. तुमचा माल मी नासवला." फावडं ती बरोबर घेऊन आली होती. तिने ते पुढे केलं. "घ्या. कोण घेतंय?"

कोणी हात पुढे करेना. शेवटी सेव्हेरो उठला. तो तिचा जन्माचा वैरी. दोघांची कुंपणावरून भांडणं अख्ख्या गावाला पाठ.

"वाटोळं केलंस ते केलंस," तो म्हणाला. "पण चाळीस दिवस त्या धुरात मरायला कोण बसलंय इथे? ठेव ते तुझ्याकडे. लाकडं मी रोज सकाळी हुंगून देईन."

"तुझ्या त्या तंबाखूच्या नाकाने?" आत्या म्हणाली, आणि तिथेच, सगळ्यांसमोर, फावडं छातीशी धरून रडायला लागली.