उताऱ्याचा दहीभात

आमच्या घरात भूत शिरलं ते मीच आखलेल्या वेळापत्रकानुसार, पहाटे चारला.

मी अमडापुरात विज्ञान शिकवतो (हे लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल). माझी मुलगी शर्वरी दहावीत आहे आणि कुस्ती खेळते. बुलढाण्याची जिल्हा स्पर्धा जवळ आली होती आणि पोरीचं वजन गटाच्या अगदी काठावर होतं. जरा वाढलं की वरचा गट, आणि तिथे तिच्या दुप्पट थोराड पोरी. मी फर्मान काढलं, माणूस झोपून झोपूनच सुटतो. रात्री उशिरापर्यंत अभ्यास, पहाटे चारला उठून पळणं. मीही तिच्याबरोबर उठायचो, शिट्टी वाजवायला.

पोरगी ताटात अर्धी भाकर घ्यायची, रोज पळायची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि तरी काटा वर चढत होता. घरातही काहीबाही घडू लागलं. शेंगदाण्याचा डबा आपोआप हलका व्हायचा. गुळाची ढेप एका कोपऱ्यातून झिजायची. पहाटेच्या अंधारात स्वयंपाकघरातून कुडुमकुडुम आवाज यायचा आणि दिवा लावला की थांबायचा.

सोनाळ्याहून आलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, शर्वरीला नीट न्याहाळलं.

"पोरगी खात नाही अन् फुगून राह्यली. म्हणजे खाणारं कोणी दुसरंच हाये."

"अक्का, मी विज्ञानाचा मास्तर आहो."

"मंग सांग ना, काऊन वाढून राह्यलं वजन?"



दिवेलागणीला माझ्या बायकोने, सुनंदाने, दहीभात आणि लिंबू पोरीवरून उतरवून पत्रावळीवर परसातल्या कडुनिंबाखाली ठेवलं. उतारा ठेवला की मागे वळून पाहायचं नाही, सकाळपर्यंत कुणी तिकडे फिरकायचं नाही. उजाडल्यावर पाहिलं तर पत्रावळ लख्ख. लिंबू शाबूत. कुत्र्याने पत्रावळ ओढत नेली असती. ही जागच्या जागी होती, पंगतीतून उठताना दुमडतात तशी दुमडलेली.

"जेवलं," अक्का हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने भात वाढवला, पुढे बाजूला लोणचंही आलं. भूत रोज जेवायचं आणि रोज पत्रावळ दुमडून जायचं. मला आता खरंच भीती वाटू लागली. शर्वरी गप्प बसली की तिच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. आपल्या पोरीत दुसरंच कुणी बसलंय की काय, असं सारखं वाटायचं.

एका पहाटे पुन्हा तो आवाज आला. मी टॉर्च घेतला, मागे अक्का, तिच्यामागे सुनंदा. उजेडात दिसले पाठीवर सुटलेले केस आणि हलणारा जबडा.

"श... शर्वरी?"

ती वळली. गाल शेंगदाण्यांनी भरलेले. मग रडायलाच लागली.

"बाबा, मले लय भूक लागते. झोप नाही झाली का पोटात आग पडते. ताटात घेतलं तर तुम्ही डोळे वटारता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अन् उतारा?"

"तो नाही खाल्ला, बाबा. मले तर तिकडं जाचंच भेव लागते."

बाहेर कडुनिंब सळसळला.

सकाळी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "वाढत्या वयात झोप तोडली की भूक खवळते, तीही गोडाधोडाची. झोपू द्या तिले. तुम्ही विज्ञानच शिकवता ना?"

शर्वरी झोपू लागली, पोटभर जेवू लागली. डब्यातली चोरी थांबली आणि स्पर्धेच्या दिवशी काटा गटाच्या आत थांबला. ती खाली उतरली तेव्हा माझे डोळे भरून आले.

पण अक्काने उतारा बंद केला नव्हता, आणि पोरगी गाढ झोपलेली असतानाही पत्रावळ रोज साफ होत होती. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासायला उभा राहिलो, तर सुनंदा माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय झालं?"

"तुम्ही अजून चारलाच उठता ना?"

"सवय लागली. उठतो, अर्धवट झोपेतच परसात फेरी मारतो, पुन्हा येऊन पडतो. धड आठवतही नाही."

"पत्रावळ अशी आतल्या अंगानं दुमडणारा या घरात एकच माणूस हाये," ती म्हणाली. "अन् मिशीले दही लागलं."

ते भूत आता सातपर्यंत झोपतं आणि शाळेत पोरांना पुरेशा झोपेचं महत्त्व शिकवतं.